लय नको

खोली दाखवून झाली, भाडं ठरलं, नळाला पाणी कोणत्या वारी येतं आणि आलंच तर किती वेळ टिकतं हेही सांगून झालं. मग मालक जिन्यात थांबले. त्यांची नजर माझ्या सामानातल्या दोन गवसण्यांवर गेली होती. आत तबला-डग्गा होता. मी म्हटलं, आधीच सांगून टाकलेलं बरं.

"मालक, मला गाण्याबजावण्याची आवड आहे. रविवारी दुपारी थोडा रियाज करते. चालेल ना?"

"गाण्याला माझी कवाच ना न्हाई," मालक म्हणाले. "फकस्त लय नको."

मी धर्माबादची. आमच्याकडे काय किंवा लातुरात काय, 'लय' म्हणजे पुष्कळ. लय ऊन, लय गर्दी, लय शहाणा. तेव्हा 'लय नको' म्हणजे 'फार नको', यात मला तिळमात्र शंका आली नाही. मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. सकाळपासून बॅचवर बॅच घेऊन घसा बसलेला असायचा. फार वाजवायला वेळ तरी कुठे होता? मी आनंदाने मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय समजूतदार माणूस आहे! माणूस ओळखण्यात मी इतकी मोठी चूक नंतर कधी केली नाही.

पहिल्याच रविवारी मी तबला काढला, हातोडीने ठोकून सूर लावला. मालक खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सूर जुळला तशी त्यांनी मान हलवली. "वा, मॅडम," असंसुद्धा म्हणाले. मला हुरूप आला. मी साधा केरवा धरला. चार आवर्तनं होतात न होतात तो मालक धडपडत जिना चढून दारात उभे.

"मॅडम, लय नको म्हणलो होतो न्हवं?"

"अहो मालक, आत्ता तर बसलेय. लय कुठं? जरासंच वाजवलं."

"जरासं असू द्या न्हाई तर रग्गड असू द्या. लय हाय का न्हाई त्याच्यात?"

 मग डोक्यात उजेड पडला. हा मनुष्य लय म्हणजे लयच म्हणत होता. गाणं चालेल, सूर चालेल, आलाप दिवसभर घ्या; पण ठेका नको. आता तबल्यातून लय काढून टाकली तर उरतं काय? चामडं आणि शाई. मी चिडून तबल्यावरून हात उचलला, तर मालक एकदम ओरडले, "थांबू नका! सुरू केलंय न्हवं, आता थांबायचं न्हाई. मी बाजारात गोलाईकडं जाऊन येतो. मी गल्लीच्या तोंडाला वळलो की मग थांबा."

आणि ते खरोखर निघाले. मी खिडकीशी बसून मूर्खासारखी वाजवत राहिले आणि डोक्याला रुमाल बांधलेली ती उंच, वाकडीतिकडी पावलं टाकणारी आकृती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत बघत राहिले. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. म्हणजे नियम दोन झाले. सुरू करायचं नाही, आणि सुरू केलं तर थांबायचं नाही. असल्या घरात कुणी राहावं? पण लातुरात त्या दिवसांत खोली मिळणं म्हणजे मेडिकलला नंबर लागण्याइतकंच अवघड होतं. मी राहिले.

त्यांना सगळी गल्ली मालकच म्हणायची. औशाच्या पलीकडची जमीन विकून त्यांनी लातुरात ही तीन मजली इमारत बांधली होती आणि क्लासच्या पोरांना खोल्या दिल्या होत्या. तेव्हा सगळं शहर हेच करत होतं. ज्याच्याकडे भिंत होती तो खोली भाड्याने देत होता, ज्याच्याकडे चूल होती तो डबे देत होता. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि फोटोतल्या पोरांपेक्षा त्यांच्या सरांचे फोटो मोठे. मालकांनी एवढी पक्की इमारत बांधली, पण स्वतः मात्र अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपत. स्लॅबखाली त्यांना झोप येत नसे. त्याचं मला काही वाटलं नाही. लातुरात असे बरेच लोक होते.

मालकांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्यांच्या थोरल्या भावाची विधवा बायको होती, तिला मी वहिनी म्हणायची. पोरांचे डबे त्या करत. आणि त्यांची मुलगी रेणू. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या घरमालकाच्या पुतणीचं नाव रेणू असावं, हा विनोद मी एकदा केला. कुणी हसलं नाही. रेणू बारावीला होती आणि माझ्याच बॅचला होती. मालकांना ती डॉक्टर व्हायला हवी होती.

आणि या घरात लयबंदी होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. भिंतीवर घड्याळ होतं ते काटे नसलेलं, आकडे दाखवणारं, कारण काट्यांचं घड्याळ टकटक करतं. नळ ठिबकायला लागला की त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. वहिनींचं शिलाईमशीन माहेरी पाठवून दिलेलं. जिना चढताना मालक दोन पायऱ्या झपकन चढत, एकीवर थांबत, मग तीन चढत. आधी मला वाटलं गुडघ्याचं दुखणं असेल. गुडघे ठणठणीत होते.

मला सगळ्यात छळलं ते खलबत्त्याने. वहिनी रोज सकाळी भाजीसाठी शेंगदाण्याचा कूट कुटायच्या. ठक्. ठक्ठक्. मग काहीच नाही. मग ठक्. मग तीनदा घाईघाईने, मग पुन्हा काहीच नाही. मी वर पांघरुणात पडून सम कधी येते याची वाट बघायची. ती यायचीच नाही. तबला शिकलेल्या माणसाच्या कानाला असा आवाज म्हणजे दातात अडकलेली सुपारी. शेवटी एक दिवस मी तरातरा खाली गेले.

"वहिनी, एका लयीत कुटा ना! हातसुद्धा दुखणार नाही."

"हात न्हाई दुखणार," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण लयीत कुटलेल्या कुटाची भाजी भावजी खात न्हाईत. पान सारून उठत्यात."

"त्यांना चवीवरून कळतं?"

"कानावरून कळतं. बसा, चहा ठेवते."

पोरांचीही तीच गत. सूत्रं तालात घोकायची नाहीत, पाय हलवत बसायचं नाही. एक पोरगा गणितं सोडवताना पेनने टेबल वाजवायचा. चांगला हुशार पोरगा. मालकांनी त्याची पेटी दारात काढून ठेवली. त्याचे वडील हिमायतनगरहून पहिल्या बसने धावत आले.

"मालक, पोरानं काही चोरी-बिरी केली का?"

"न्हाई."

"मग सिगारेट?"

"छ्या! लय गुणाचं हाय. पण टेबल वाजवतंय."

"आहो, माझं पोरगं टॉपर हाय!"

"टॉपर असू द्या," मालक म्हणाले. "बेताल असतं तर ठेवलं असतं."

बरं, माणूस औरंगजेब म्हणावा तर तसंही नाही. गाण्याचं त्यांना वेड होतं. रेडिओवर कुणी नुसता आलाप घेत असेल तर डोळे मिटून बसत, आणि तबलजीने पहिली थाप मारली की खट्कन बंद. मागच्या गल्लीत मशीद होती. तिथे बांग देणारे एक म्हातारे बांगीसाहेब होते. दुपारची बांग सुरू झाली की मालक खुर्चीत ताठ बसत. बांगीसाहेब कधी दारावरून जाताना दिसले की हात जोडत.

"साहेब, काय गळा हाय तुमचा! याला म्हणत्यात गाणं. ना ठेका, ना ठोक."

बांगीसाहेब कानाला हात लावत. "अरे मालक, इसको गाना नक्को बोलो जी. बुलावा है ये."

"बुलावा तर बुलावा. पण असाच पाहिजे, मोकळा. ठोकून बोलवू नये माणसाला."

बांगीसाहेब हसून पुढे जात. मला मात्र वाटायचं, या माणसाचा एखादा स्क्रू जागचा हललेला आहे.

गल्लीत विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "भूकंपातले हायत ते." या उत्तराचा मला संताप यायचा. लातुरात कुणी जास्त बोललं, कुणी कमी बोललं, कुणी लग्न केलं नाही, कुणी दोन केली, सगळं भूकंपावर ढकलायची सोय होती. आमच्याकडेही त्या पहाटे भांडी खणखणली होती. म्हणून आम्ही काही खलबत्त्यावर राग काढला नाही. पत्र्याखाली झोपणं मी समजू शकत होते. पण केरव्याने काय केलं होतं?

खरं तर मला समजायला हरकत नव्हती. मला स्वतःला बासरी सहन होत नाही. धर्माबादला आमच्या घराशेजारी मिरचीचं गोदाम होतं. हंगामात पोती उलटली जायची तेव्हा सगळी गल्ली खोकत असायची, आणि गोदामाचा राखणदार नाकाला फडकं बांधून, मधूनच ते वर सारून, बासरी वाजवायचा. फार गोड वाजवायचा म्हणे. मला त्यातला एक सूर आठवत नाही, ठसका तेवढा आठवतो. आजही कुणाची बासरी कानावर पडली की माझा घसा चुरचुरतो आणि डोळ्यांत पाणी येतं. शेजारच्या खुर्चीतले लोक म्हणतात, किती रसिक बाई आहे. कानाला काय आवडावं हे कान ठरवत नाही, तो कुठे वाढला त्यावर ते ठरतं. पण माझ्या विक्षिप्तपणाचं कारण मला ठाऊक होतं, त्यामुळे तो मला शहाणपणा वाटायचा. मालकांचं कारण ठाऊक नव्हतं म्हणून ते वेडे.

रेणूचं प्रकरण सुरू झालं ते स्वयंपाकघरात. मालक बाजारात गेले होते आणि मी चहापत्ती मागायला खाली उतरले. रेणू पाठमोरी बसून पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यावर बोटं चालवत होती. हळू, अगदी हळू, पण इतकं स्वच्छ की मी उंबऱ्यातच थांबले. त्या घरात आल्यापासून माझ्या कानाला पहिल्यांदा थंडावा मिळाला. मला बघून तिने हात मागे लपवले, जणू मी तिला चोरी करताना पकडलं होतं.

"कुणाकडे शिकलीस?"

"कुणाकडंच न्हाई. मॅडम, तात्यांना सांगू नका."

तात्या म्हणजे मालक. मी सांगितलं नाही. उलट रविवारी दुपारी मी मुद्दाम तबला काढून बसायला लागले. मी सुरू केलं की मालक ठरल्याप्रमाणे रुमाल बांधून गोलाईकडे निघत. त्यांनी वळण घेतलं की रेणू वर यायची. पुढचा तासभर मी तिला शिकवायची. लयबंदीचा असा उपयोग होईल हे मालकांच्या ध्यानीमनी नव्हतं. वहिनींना माहीत होतं. त्या काही बोलत नसत, फक्त दोन कप चहा वर पाठवत.

पोरीचा हात देवाने दिलेला होता. मी नांदेडला उस्तादजींच्या छड्या खाऊन जे शिकले ते ती बघून उचलायची. फक्त एक खोड होती. भजनी ठेका धरला की समेच्या अगदी आधी ती कडेच्या लाकडावर बोटाने एक बारीक 'टक्' द्यायची. ना शास्त्रात, ना कुठल्या घराण्यात. मी म्हटलं, ही टक् काढ. ती काढायची, दोन आवर्तनं नीट जायची आणि तिसऱ्याला टक् हजर. मी रागावले, हात धरला, समजावलं. टक् काही जाईना.

"अगं, कुठून आणतेस ही?"

"माहीत न्हाई मॅडम. हातच तसा पडतो."

मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. खाली एक माणूस लयीला घरात येऊ देत नव्हता आणि वर त्याची पुतणी आलेल्या लयीत खडा टाकत होती. असल्या कुटुंबात गाण्याने का यावं?

तेवढ्यात कॉलेजचं गॅदरिंग आलं. रेणूच्या वर्गातली एक मुलगी भजन गाणार होती आणि साथीला तिने रेणूचं नाव घेतलं.  दोन दिवसांनी रेणू माझ्याकडे आली.

"मॅडम, मला वाजवायचंय. पण चोरून न्हाई. तात्यांनी मला लहानाचं मोठं केलंय. त्यांना बाहेरून कळलं तर ते मोडून जातील. तुम्ही इचारा. ते हो म्हणले तर वाजवीन. न्हाई म्हणले तर परत कधीच हात लावणार न्हाई."

"कधीच म्हणजे?"

"कधीच."

ती हे अगदी सरळ म्हणाली, आणि मला माहीत होतं की ती शब्दाला पक्की आहे. असला हात कायमचा गुंडाळून ठेवायचा, आणि का, तर एका माणसाला खलबत्त्याचा आवाज सोसत नाही! मी त्याच संध्याकाळी मालकांसमोर जाऊन उभी राहिले. रविवारचं शिकवणं सांगितलं, गॅदरिंगचं सांगितलं, रेणूचा शब्दही सांगितला. 

"रेणूला डॉक्टर करायचंय," एवढंच ते म्हणाले.

"डॉक्टरला तबला आला तर पेशंट दगावतात का?"

"तिच्या बापाला यायची ढोलकी. काय झालं?"

"काय झालं?" मी विचारलं.

मालक उठले. "मॅडम, दुसरी खोली बगा. आन् तिला सांगा, तात्या न्हाई म्हणले."

मी तणतणत वर गेले. खोली गेल्याचं दुःख नव्हतं. पण रेणूला निरोप सांगितला तेव्हा तिने नुसतं "बरं" म्हटलं, आणि ते "बरं" ऐकून मला मालकांच्या डोक्यात तबल्याची हातोडी घालावीशी वाटली. मग ती म्हणाली, "येत्या रविवारी एकदाच वाजवते. मग तुमच्या हातानं गवसणी घाला."

रविवार आला. मी सुरुवात केली, मालक निघाले, वळले. रेणू बसली. तिने भजनी ठेका धरला आणि या वेळी मी त्या टक्ला काही बोलले नाही. शेवटचंच वाजवणं होतं, कशाला शिकवायचं? दुपारच्या शांततेत ते इतकं भरून येत होतं की खाली वहिनींचं भांडी घासणंही थांबलं होतं.

इतक्या रविवारांत मालक कधी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले नव्हते. त्या दिवशी गोलाईच्या आधीच त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन, तापलेल्या डांबरावर पाय भाजत ते मागे आले आणि कधी जिना चढून दारात उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. रेणूची नजर वर गेली. तिचे हात जागच्या जागी थांबले.

"थांबू नको!" मालक ओरडले.

असा आवाज मी कुणाच्या गळ्यातून ऐकलेला नाही. रेणूचा हात उचलेना. वहिनी ओल्या हातांनी वर धावत आल्या. मालक चौकट धरून उभे होते.

"ही टक् कुणी शिकवली हिला?"

"मी नाही," मी म्हटलं. "मी तर काढायला बघतेय. चूक आहे ती."

"चूक न्हाई ती. आमच्या दादाची हाय."

त्यांचा थोरला भाऊ गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवायचा. बोटात चांदीची जाड अंगठी होती. समेच्या आधी ती अंगठी ढोलकीच्या लाकडाला लागायची. टक्. पहिल्यांदा चुकून लागली असेल, मग मंडळाला तीच सवय झाली. टक् वाजली की सगळे समजायचे, आता सम. बाहेरगावी भजनाला गेले की लोक हसायचे. पण रेणूने हे ऐकणं शक्यच नव्हतं. भूकंप झाला तेव्हा ती दूधपिती होती.

"मी दिली," वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे वळलो.

"थोपटून निजवायचे मी तिला. त्यांच्याच ठेक्यानं. आवाज होऊ नये म्हणून वाकळेवरून थोपटायचे, भावजी. टक्ला एक बोट द्यायचे. तिला बापाचं दुसरं काय देणार होते मी? सगळं तर मातीत गेलं."

मालक जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, चप्पल हातातच होती. मग ते बोलले. आमच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघून.

"मी शेतातल्या आखाड्यावर निजलो होतो. वैनी आन् पोरगी माहेरी, निलंग्याला. घरात दादा एकलाच. धावत आलो तर घर कुठलं हेच कळंना. सगळी दगडं आन् माती. तेवढ्यात खालून आवाज आला. दादा पत्र्याच्या पेटीवर अंगठीनं वाजवायला होता. ठेका धरलेला, आन् टक्. म्हणजे मी हाय, दुसरं कुणी न्हाई, हे कळावं म्हणून. मी वरून दगडानं जवाब द्यायचो. त्यो वाजवायचा, मी वाजवायचो. बारकेपणी शिकवायचा मला, म्हणायचा, काय बी होऊ दे, लय सोडू नको. हातानं दगडं हलंनात. म्हणलं टिकाव आणावा, माणसं आणावीत. जाताना वरडून सांगितलं, दादा, थांबू नको, मी आलोच."

त्यांनी चपलेचा तुटका अंगठा बसवायला बघितला.  

"टिकाव घेऊन आलो तवा खाली सगळं गप. तवापासून मी चालू असतानाच निघतो," मालक म्हणाले. "मागं बगत न्हाई. चालू सोडून आलं की वाटतं, अजून चालूच हाय."

वहिनी एकटक बघत होत्या. "तुम्ही मला म्हणला होतात, झोपेतच गेले."

"हाव," मालकांनी कबूल केलं.

"म्हणजे जागे होते."

"हाव, वैनी."

"आन् वाजवायला होते?" वहिनींचा आवाज फुटला. "भ्याले न्हाईत? वाजवायला होते?"

मालकांनी होकारार्थी मान हलवली. वहिनी पदरात तोंड घालून रडल्या, मोठ्याने, दार उघडं असताना. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. या माणसाचा राग. एवढा मोठा दगड छातीवर घेऊन बसायचं, आणि जगाला सांगायचं काय, तर नळाला फडकं बांधा! एकदा, एकदा तरी तोंडाने बोलायला काय झालं होतं? शेजारी त्याच मातीत सगळं गमावलेली बाई बसली होती. तिने मुकाट्याने बेताल कूट कुटला आणि यांनी मुकाट्याने खाल्ला.

वहिनींनी डोळे पुसले आणि रेणूकडे वळल्या. "वाजव गं. तुझ्या बापाचं अर्धं ऱ्हायलंय. पुरं कर."

रेणूने मालकांकडे पाहिलं. मालकांनी नाही म्हटलं नाही. तिने हात ठेवला. पहिली दोन आवर्तनं कापरी गेली, मग ठेका बसला. टक्, सम. टक्, सम. मालक उठून निघतील म्हणून मी जिन्याची वाट मोकळी केली. ते उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी हातातली तुटकी चप्पल उलटी धरली आणि तिच्या टाचेने पायरीवर हळूच एक ठोका दिला. मग दुसरा. ते जबाब देत होते.

आणि काय सांगू, भयानक देत होते. इतक्या वर्षांत ज्याने सरळ पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं त्याला लय कुठून सापडणार? रेणू समेवर आली की मालक अलीकडे, ती पुढे गेली की मालक पलीकडे. माझं डोकं उठलं. मास्तरकी हाडात मुरलेली, असल्या वेळीही ती गप्प बसेना. तोंडातून निघून गेलंच.

"मालक, लय चुकली."

मालकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून वाहत होते आणि चप्पल चालूच होती.

"हाव, मॅडम," ते म्हणाले. "लय चुकलो."